छिलबोकच्या ताटातलं पीच

छिलबोक गेला, आणि तोही एका ओळीत.

मेंग ग्यूसिकने ती ओळ रविवारी सकाळी फोनवर वाचली, तेव्हा त्याचा चमचा कढणात होता. 'शत्रूने पूर्वेचा दरवाजा फोडला. भांडारी छिलबोक कामी आला. यापुढे भांडाराची जबाबदारी आमच्या नव्या नायिकेकडे असेल.' त्याखाली त्या नायिकेचं आणि तिच्या बारा पोशाखांचं सविस्तर वर्णन होतं. कमरपट्ट्याला कोणते खडे आहेत इथपर्यंत. ज्या माणसाने किल्ल्याच्या कोठारात अकरा वर्षं उभं राहून येईल त्याला बाण वाटले, कधी रजा मागितली नाही, बढती मागितली नाही, त्याच्या मरणाला चार शब्द, आणि त्या बाईच्या कपड्यांना अख्खं पान. ग्यूसिकच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

छिलबोक हा फोनवरच्या एका गेममधला भांडारी होता, हे इथेच सांगून टाकलेलं बरं. पुढे सगळ्या सोसायटीचा जो गैरसमज झाला, तो निदान वाचणाऱ्याचा होऊ नये.

"बाबा, काय झालं? कोण गेलं?" सोल्हीने विचारलं. ही त्याची मुलगी. वय सव्वीस, नोकरीला लागलेली, आणि वडिलांचा चेहरा वाचण्यात नको तेवढी तरबेज.

"छिलबोक."

"तुमच्या ऑफिसातले?"

ग्यूसिकने फोन पालथा घालायच्या आत तिने चित्र पाहिलं. मग ती आईकडे वळली आणि अगदी शांतपणे, सर्दी झालीय म्हणावं तशी म्हणाली, "आई, बाबा शिपदॉक आहेत."

हा शब्द इंटरनेटवरच्या पोराटोरांचा. एखाद्या गोष्टीचा नादखुळा असेल त्याला 'दॉकू' म्हणतात. ते चालतं. कुणी कॉफीचा दॉकू असतो, कुणी आगगाड्यांचा, आणि लोक ते कौतुकाने सांगतातसुद्धा. पण जो कथेतल्या, चित्रातल्या, मुळात नसलेल्या माणसांवर खरा जीव लावतो आणि त्यापायी घरदार विसरतो, त्याच्या नावापुढे एक शिवी जोडतात आणि मग होतो शिपदॉक. उशीवर नायिकेचं चित्र छापून ती उशी हॉटेलात जेवायला घेऊन जाणारी मुलं असतात, त्यांच्यासाठी हा शब्द राखून ठेवलेला आहे.

आणि तो शब्द मेंग ग्यूसिकला. वय चोपन्न, वॉन्जू शहराच्या पाणीपुरवठ्यात मीटर विभागाचा प्रमुख, मेंग घराण्याच्या थोरल्या पातीचा थोरला मुलगा. त्याच्याकडे उशी नव्हती. एक लोड होता, तोही ऑफिसच्या खालच्या ड्रॉवरमध्ये, तोही पाठीसाठी. त्यावर छिलबोक होता, हा भाग वेगळा. शिवाय एक मग, चाव्यांची दोन कडी आणि वीतभर उंचीचा एक पुतळा, जो त्याने एका कारागिराकडून मुद्दाम घडवून घेतला होता, कारण कंपनीने त्या बिचाऱ्याचा पुतळा कधी काढलाच नाही. एवढ्यावरून माणूस शिपदॉक ठरत असेल तर मग बोलायलाच नको.

"म्हणजे काय गं?" बायकोने विचारलं. ग्योंगसुक तिचं नाव.

सोल्हीने अर्थ सांगितला. ग्योंगसुकने नवऱ्याकडे एकदा खालपासून वरपर्यंत पाहिलं. "ऑफिसला जातायत ना वेळेवर? मग असू दे," ती म्हणाली आणि मुळ्याची वाटी पुढे सरकवली. ग्यूसिकला त्या शब्दापेक्षा हे 'असू दे' जास्त लागलं.

*

'छिलबोक स्नेही मंडळ' ही इंटरनेटवरची एक संस्था होती. सभासद पाच, अध्यक्ष ग्यूसिक. पाचांपैकी कुणी कुणाला कधी पाहिलेलं नव्हतं. त्या दुपारी मंडळाची तातडीची सभा भरली, म्हणजे पाच जण पाच ठिकाणी फोन घेऊन बसले. एकाने ट्रक सुचवला. हल्ली गेमवाल्यांवर रागवायची हीच पद्धत आहे: मोठा दिव्यांचा फलक असलेला ट्रक भाड्याने घ्यायचा, त्यावर आपलं गाऱ्हाणं लिहायचं आणि तो कंपनीच्या दारासमोर दिवसभर उभा करायचा. पण ट्रकवर लिहिणार काय? 'पाच जण संतप्त आहेत'? शिवाय ग्यूसिक सरकारी माणूस.

तेव्हा त्याने, पुढचामागचा विचार न करता, लिहिलं: "ट्रक नको. आपण रीतसर जेसा करू. मी करीन."

जेसा म्हणजे गेलेल्याच्या नावाने ताट मांडायचं, उदबत्ती लावायची, दारूचा पेला ठेवायचा आणि घरच्यांनी दंडवत घालायचे. थोरल्या पातीच्या थोरल्या मुलाला यातलं काही शिकवावं लागत नाही. लाल फळं पूर्वेला, पांढरी पश्चिमेला, माशाचं तोंड कुठे, सूप कुठे, हे ग्यूसिक झोपेत सांगू शकला असता. मंडळाने टाळ्यांची चित्रं पाठवली. गेल्यापासून एकोणपन्नासावा दिवस अशा विधीला धरतात, तो ऑगस्टातल्या शनिवारी येत होता. ठरलं.

ठरल्यावर त्याला आठवलं की आपल्या घरात जेसा बंद होऊन दोन वर्षं झाली आहेत.

त्याचं असं झालं होतं, की वर्षाला अकरा जेसा या हिशेबाने सत्तावीस वर्षं राबल्यावर एका सकाळी ग्योंगसुकने हातातला झारा ओट्यावर ठेवला आणि सांगितलं, की मी थकले. आवाज चढवला नाही, रडली नाही. मग घराण्याची बैठक झाली, काका गावाहून आले, बरंच ऐकवून गेले, आणि शेवटी कागदावर सह्या झाल्या की यापुढे पूर्वजांना मनातल्या मनात नमस्कार करायचा. ग्यूसिकनेही सही केली होती. चांगली ठळक केली होती.

त्यामुळे विषय काढायला त्याला चार दिवस लागले.

"अगं, मी म्हणत होतो," तो म्हणाला, "एक छोटासा जेसा करावा."

"कुणाचा?"

"म्हणजे एक जण गेला. त्याला कुणी नाही."

"छिलबोक," ग्योंगसुक म्हणाली. तिच्या लक्षात राहिलं होतं. तिने ओटा पुसायला घेतला, आणि तेवढ्या वेळात ग्यूसिकने मनातल्या मनात तीन उत्तरं तयार केली, ज्यातलं एकही उपयोगी पडलं नाही. "करा," ती म्हणाली. "पण या घरात नाही. आणि माझा हात लागणार नाही."

"तुझा हात कोण मागतंय?" ग्यूसिक म्हणाला. हे वाक्य त्याने इतक्या तोऱ्यात म्हटलं, की पुढे सहा आठवडे ते त्याच्या घशात अडकून राहिलं.

*

घर नाही तर जागा हवी. सोसायटीत तळमजल्यावर ज्येष्ठांची खोली होती: उबदार जमीन, बसकी टेबलं, दोन कपाटं आणि दिवसभर पट खेळणारे म्हातारे. ती शनिवारी संध्याकाळी मिळावी म्हणून ग्यूसिक सोसायटीच्या मॅनेजरकडे गेला. हे सो मॅनेजर. अत्यंत सभ्य माणूस, आणि अर्जाशिवाय कुणाला पाणीसुद्धा विचारणार नाही असा.

अर्जात कारणांपुढे चौकोन होते. वाढदिवस. सभा. किमची घालणे. इतर. ग्यूसिकने 'इतर'वर खूण केली.

"इतर असेल तर खुलासा जोडावा लागतो," सो मॅनेजर म्हणाले. "दोन प्रतींत."

ग्यूसिकने खुलासा लिहिला: जेसा.

"मग शोककार्याचा वेगळा फॉर्म आहे." त्यांनी तो काढला. मृताचं नाव. मृत्यूची तारीख. मृत्यूचं कारण. मृताशी नातं.

गेली तीस वर्षं ग्यूसिकने लोकांचे अर्ज एकेका रिकाम्या रकान्यासाठी परत पाठवले होते. त्या सगळ्या लोकांचे तळतळाट त्या क्षणी त्याच्या पेनाच्या टोकावर येऊन बसले. नाव: छिलबोक. तारीख: खरी तीच. कारण: कामावर असताना. इथपर्यंत सगळं खरं होतं. नात्याच्या रकान्यापाशी पेन थांबलं. सो मॅनेजर सहानुभूतीने बघत होते.

"सहकारी," त्याने लिहिलं.

खोटं होतं का ते? कोठार सांभाळणारा आणि मीटर सांभाळणारा, दोघांचा माल लोक घेऊन जातात आणि दोघांना कुणी विचारत नाही. त्या अर्थाने सहकारीच. ग्यूसिकने स्वतःची अशी समजूत घातली. पण सो मॅनेजर कर्तव्यदक्ष निघाले. त्याच संध्याकाळी प्रत्येक घरातल्या भोंग्यातून त्यांचा आवाज घुमला: "रहिवाशांना कळवण्यात येतं, की एकशे तीन नंबरच्या इमारतीतले श्री. मेंग ग्यूसिक यांचे सहकारी, जे कर्तव्य बजावताना निधन पावले आणि ज्यांच्या मागे कुणी नाही, त्यांचा जेसा ज्येष्ठांच्या खोलीत होणार आहे. त्या दिवशी खोलीसमोर गाड्या लावू नयेत."

दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये ग्यूसिकपुढे लोक मान झुकवायला लागले. महिला मंडळाच्या अध्यक्षबाईंनी ग्योंगसुकला गाठून विचारलं, की पाण्याच्या टाकीत पडून गेले का हो ते. ग्योंगसुकने एवढंच सांगितलं की दरवाजा अंगावर पडला.

सगळ्यात मोठा घोळ घातला म्हाताऱ्यांनी. ज्येष्ठांच्या खोलीचे प्रमुख बांग आजोबा, वय चौऱ्याऐंशी, निवृत्त मास्तर. त्यांचे कायमचे प्रतिस्पर्धी उम आजोबा, वय एकोणऐंशी. दोघांच्याही घरी मुलांनी जेसा बंद केलेले, किंवा रेडीमेड ताट मागवून वीस मिनिटांत उरकून विमानतळ गाठणारे. दोघांच्या डोक्यात पन्नास पन्नास वर्षांची विद्या पडून होती आणि कुणी विचारत नव्हतं. आता घरात चालून आलेला जेसा, आणि तोही कुणाचा तरी पूर्ण, साग्रसंगीत. त्यांची कांती बदलली.

"मेंग साहेब, तुमचे ते सहकारी, त्यांचं मूळ घराणं कुठलं?" बांग आजोबांनी विचारलं. ताटामागे उभा करायचा मृताच्या नावाचा कागद ते स्वतः ब्रशने लिहिणार होते, जुन्या लिपीत.

"ते काही कळलेलं नाही," ग्यूसिक म्हणाला. हेही खरं होतं. कंपनीने दिलंच नव्हतं.

"हुद्दा होता का? हुद्दा नसेल तर कागदावर विद्यार्थी म्हणून लिहितात."

"भांडारी होते," ग्यूसिकने अभिमानाने सांगितलं. "किल्ल्यावर."

"लष्करी सामानाचं खातं," बांग आजोबा उम आजोबांना म्हणाले. "म्हणजे हुद्दा लिहावा लागेल."

"मासा डावीकडे," उम आजोबा म्हणाले.

"मासा पूर्वेला. डावंउजवं कसलं करतोस? तू जिथे बसशील तिथे मासा फिरणार का?"

या एका माशावरून दोघे अकरा दिवस एकमेकांशी बोलले नाहीत. ग्यूसिकला रोज संध्याकाळी आधी एका बाकावर आणि मग दुसऱ्या बाकावर बसून तेच ऐकावं लागे. आणि या अकरा दिवसांत उम आजोबांनी, ग्यूसिकच्या काकांच्याच गावचे असल्यामुळे, सहज म्हणून काकांना फोन केला. तुमचा पुतण्या सहकाऱ्याचा काय थाटात जेसा करतोय, असा माणूस आजकाल मिळत नाही.

काकांनी फोन ठेवला आणि ग्यूसिकला लावला. वय एक्क्याऐंशी, आवाज पंचविशीतला.

"सहकाऱ्याचा?" काका म्हणाले.

"काका, त्याचं असं आहे की—"

"बापाचा नाही. आजोबाचा नाही. सहकाऱ्याचा."

"त्याला कुणी नाही हो."

"तुझ्या बापाला तरी कुठे आहे?" काका म्हणाले. "मी शनिवारी येतो."

*

रेडीमेड ताट मागवावं, असं शुक्रवारी रात्रीपर्यंत ग्यूसिकच्या मनात अनेकदा आलं. पण 'तुझा हात कोण मागतंय' हे वाक्य आडवं आलं. शनिवारी सकाळी सात वाजता त्याने एप्रन बांधला. सत्तावीस वर्षांत, जेसाच्या दिवशी, तो ओट्यासमोर पहिल्यांदाच उभा राहिला.

ताटात काय कुठे मांडायचं हे ज्याला झोपेत येतं, त्याला ते कसं बनतं हे जागेपणीही माहीत नसतं, ही गोष्ट त्याच्या आठ वाजता लक्षात आली. भोपळ्याचे काप, माशाचे काप, टोफू, तीन भाज्या, सूप, अख्खा ढोमा मासा. लसूण नाही, तिखट नाही, कारण त्याने गेलेल्यांना त्रास होतो.

"अगं," त्याने हाक मारली, "कापांना पीठ आधी की अंडं आधी?"

ग्योंगसुक बाहेर सोफ्यावर पाय वर घेऊन पंख्याखाली मालिका बघत होती. "मला काय माहीत," ती म्हणाली. "मी त्या माणसाला ओळखत नाही."

"काप कसे करायचे ते विचारतोय. माणसाचं नाही."

"तुमच्या आईला मी हेच विचारलं होतं. त्या म्हणाल्या, बघून शीक."

बघायला कुणी नव्हतं. त्याने फोनवर बघितलं. फोन पिठात पडला. काप कढईला चिकटले, निघाले तेव्हा अंडं कढईत राहिलं आणि भोपळा उघडा बाहेर आला. टोफूचा भुगा झाला. ढोमा उलटताना त्याची शेपूट तुटली, आणि जेसाच्या ताटात मासा अख्खाच लागतो, म्हणून ग्यूसिकने दात कोरायच्या चार काड्या टोचून ती परत जोडली. तेलाचा एक थेंब मनगटावर उडाला. दुपारी एकपर्यंत अर्धंच झालं होतं. तीनला पाठ धरली. त्या भरात तो छिलबोकवरही चिडला. पूर्वेच्या दरवाजाशी जायचं काय अडलं होतं याला? कोठारात बसला असता तर चार वर्षं अजून जगला असता.

साडेतीनला, थकून, त्याच्या तोंडून सवयीने निघणार होतं: "झालं का?" सत्तावीस वर्षं बाहेरच्या खोलीत, भावांबरोबर, सूट घालून बसल्या बसल्या तो दर अर्ध्या तासाने आत बघून हेच विचारत आला होता. आता विचारणार कुणाला? आत तोच होता.

त्याला लाज वाटली. फार नाही, पण वाटली. आणि ती कुणाला दाखवायची सोय नसल्यामुळे तो अधिकच चिडला आणि उरलेले काप त्या रागात जरा बरे झाले.

*

लिफ्टच्या तीन फेऱ्या करून ताट खाली गेलं. म्हातारे आठ वाजता झोपतात म्हणून जेसा सहाला ठेवला होता. बांग आजोबा पांढरा सदरा घालून आले होते. नावाचा कागद त्यांनी खरोखर सुंदर लिहिला होता. मासा पूर्वेला ठेवला, मग उम आजोबांनी हळूच सरकवला, मग बांग आजोबांनी परत.

मंडळाचे तीन सभासद आले. दाताची डॉक्टर प्योन, बसचालक कू आणि हान्बी नावाची कॉलेजातली मुलगी. चौथा जहाजावर नोकरीला होता, त्याने समुद्रावरून दंडवत कळवला होता. तिघेही दारात ग्यूसिककडे बघत राहिले.

"अध्यक्ष तुम्ही?" हान्बी म्हणाली. "मला वाटलं तुम्ही माझ्याच वयाचे असाल. तुम्ही किती रडायचात लिहिताना."

दोन्ही आजोबांनी ग्यूसिककडे आदराने पाहिलं. इथवर सगळं सुरळीत होतं. मग हान्बीने पिशवीतून पिकलेली, लालसर, लवदार पाच पीच काढली आणि ताटात नासपतीच्या शेजारी मांडली.

बांग आजोबांनी पीचकडे बोट केलं. "ती उचल."

"का?"

"का म्हणून काय विचारतेस? पीच जेसाच्या ताटात? पीच असेल तिथे आत्मा पाय टाकत नाही. दारातून परत जातो. आजवर एवढ्या लोकांचे जेसा पाहिले, मेंग साहेब, पण पीच?"

"काढा, काढा," उम आजोबा म्हणाले. या एका मुद्द्यावर त्यांचं एकमत होतं.

"पण त्यांना पीचच आवडायची," हान्बी म्हणाली. "दुसरं काही दिलं तर घ्यायचेसुद्धा नाहीत. पीच दिलं की खूश व्हायचे आणि पाच गुण वाढायचे."

"कसले गुण?"

हान्बीने उत्तर म्हणून चौकट काढली आणि नावाच्या कागदामागे ठेवली. चौकटीत छिलबोक होता. गोल डोकं, ठिपक्यांचे डोळे, काखेत बाणांची जुडी. दोन्ही आजोबांनी चष्मे चढवले. ग्यूसिकला आयुष्यात पहिल्यांदा मीटर वाचायला कुठेतरी लांब जावंसं वाटलं.

"हा कोण?" दारातून आवाज आला. काका आले होते. डोक्यावर टोपी, हातात काठी.

सहकारी म्हणून अजून एकदा सांगता आलं असतं. फोटोऐवजी व्यंगचित्र लावायची किल्ल्यावरची पद्धत आहे, असंही काही. ग्यूसिकने तोंड उघडलं, पण त्याच्या मनगटावरचा फोड ठणकत होता आणि त्याला एकदम सगळ्याचा राग आला.

"काका, हा गेममधला आहे," तो म्हणाला. "खरा नाही. कधीच नव्हता. पण अकरा वर्षं मी ऑफिसातून आलो की रोज तिथे जायचो, आणि तो तिथे असायचा. त्याला मारलं तेव्हा चार शब्द लिहिले. चार. मला ते सहन झालं नाही. काय म्हणायचंय ते म्हणा. शिपदॉक म्हणा."

"मला तो शब्द माहीत नाही," काका म्हणाले. "हा खरा नाही?"

"नाही."

"माझा भाऊ खरा होता."

"हो, काका."

"त्याच्या नावाने दोन वर्षांत भाताचं शीत नाही."

तेवढ्यात मागून ग्योंगसुक आली. ताटात भातात उभा करायचा चमचा ग्यूसिक वरच विसरला होता, तो तिच्या हातात होता. काका तिच्याकडे वळले.

"सूनबाई, आमच्या माणसांसाठी तुमचे हात दुखले. आणि या चित्रासाठी दुखले नाहीत?"

"यातला एकही काप माझा नाही, काका," ग्योंगसुक म्हणाली. "सकाळी सातपासून हे एकटे आहेत."

काका वाकले. त्यांनी काप पाहिले, टोफूचा भुगा पाहिला. "माशाला काड्या कसल्या?"

"शेपूट तुटली," ग्यूसिक म्हणाला.

"मेंग घराण्यात आजवर कुठल्या पुरुषाने काप तळला नाही," काका म्हणाले. हा आरोप होता की काय, ते त्यांनाही नक्की ठरवता येत नसावं.

"भांडण मागाहून करा," बांग आजोबा म्हणाले. त्यांच्यातला मास्तर जागा झाला होता. "उदबत्ती जळतेय. मांडलेलं ताट दंडवत घातल्याशिवाय उचलायचं नसतं, खरा असो नाहीतर खोटा. फक्त ती पीच काढा."

सगळ्यांनी काकांकडे पाहिलं, कारण खोलीत घराण्याचे वडीलधारे तेच होते. काका पीचकडे बघत राहिले.

"असू द्या," ते म्हणाले. "आवडत होती ना त्याला? दादाला द्राक्षाचा सोडा आवडायचा. शेवटी दवाखान्यातही मागत होता. एवढे जेसा केले, फळांच्या दिशा मोजल्या, पण कुणाला तो ठेवायचं सुचलं नाही. मलाही नाही."

"मी ठेवायचे," ग्योंगसुक म्हणाली.

"काय?"

"सोडा. दरवर्षी. भाताच्या वाडग्यामागे, छोट्या पेल्यात. तुम्ही सगळे पुढून बघायचात, म्हणून दिसायचा नाही. मामंजींनी मला एकदा त्यांच्या वाटणीचा दिला होता, लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात. त्या घरात मला स्वतःहून काही देणारे ते एकटेच."

काकांनी टोपी काढली. काही वेळ ती हातात फिरवत राहिले. ग्यूसिक बायकोकडे बघत होता. दरवर्षी बापाच्या ताटापुढे सगळ्यात आधी तो वाकायचा, आणि त्याने तो पेला एकदाही पाहिला नव्हता. बापासाठी एक पेला सोडा ठेवायला त्याच्या घरात परकी मुलगी यावी लागली, आणि तिने तो लपवून ठेवला. ग्यूसिकचे डोळे भरून आले, आणि या वेळी ते छिलबोकसाठी नव्हते.

"सूनबाई," काका म्हणाले, "पुढे या."

या घराण्यात बायका दंडवत घालत नसत. त्या वेळी त्या सूप गरम करत असत. ग्योंगसुकने जेसाचं ताट समोरून असं कधी पाहिलंच नव्हतं. तिने चमचा भातात उभा केला, ग्यूसिकने पेला उदबत्तीवरून तीनदा फिरवला, आणि सगळे वाकले: मीटरवाला, दाताची डॉक्टर, बसचालक, कॉलेजची मुलगी, दोन भांडकुदळ म्हातारे, काका, आणि सगळ्यांच्या पुढे ग्योंगसुक. दार आत्म्यासाठी उघडं ठेवलं होतं. तिथून सो मॅनेजर डोकावले, गाडी लावलेली नाही ना बघायला, आणि तेही वाकले.

नंतर सगळे त्याच ताटातलं जेवायला बसले. काकांनी तीन काप खाल्ले. चौथा उचलला.

"सप्टेंबरात दादाचा आहे," ते म्हणाले. "ऑक्टोबरात आजोबांचा."

"काका, आपण कागदावर सह्या केल्या होत्या," ग्यूसिक म्हणाला.

"सूनबाईंनी करायचं नाही म्हणून केल्या होत्या. त्या नाहीच करणार. तू करशील. तुला येतं."

"येतं कुठे? हे पहिल्यांदाच केलंय. टोफूचं काय झालंय बघताय ना तुम्ही?"

"पुढच्या वेळी टोफू आधी कोरडा करायचा," उम आजोबा म्हणाले.

"मिठाच्या पाण्यात ठेवायचा," बांग आजोबा म्हणाले, आणि दोघांमध्ये पुढच्या अकरा दिवसांची सोय झाली.

हा अन्याय होता. वर्षाला अकरा जेसा, एका चित्रातल्या भांडाऱ्यापायी. ग्यूसिकने बायकोकडे पाहिलं, की निदान ती तरी सह्यांचा विषय काढेल. ती माशातली काडी बाजूला काढत होती.

"हाडाजवळ कच्चा राहिलाय," ग्योंगसुक म्हणाली. "सप्टेंबरात आच कमी ठेवा." मग तिने रिकामा वाडगा नवऱ्यापुढे सरकवला. "भात आहे का अजून? वाढा."

ग्यूसिक उठला.